नवरात्रात परभणीहून आत्या येतेय, संभाजीनगर शहरात कुठं न्यावं? (पाच माणसं, बजेट १५००)

बजाजनगरचा_बंटी
नमस्कार मंडळी. पाचव्या माळेला आत्या, मामा आणि त्यांचा नातू मराठवाडा एक्स्प्रेसने येतायत, दसरा करूनच जाणार. मी आणि बायको धरून पाच जण. नातू नऊ वर्षांचा आहे, एका जागी बसत नाही. मी वाळूजला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट, म्हणजे संध्याकाळी मोकळा. पूर्ण सुट्टी फक्त रविवारची. गाडी म्हणाल तर एक स्कूटी, म्हणून सिटी बस नाहीतर रिक्षा. आत्याचा डावा गुडघा धरतो आणि तिला नऊ दिवसांचे उपवास आहेत.
पैसे सगळे मिळून १५००. परत सांगतो, सगळ्यांचे मिळून. पगाराच्या आधीचा आठवडा आहे.
वेरूळ आणि मकबरा त्यांचं झालंय. गुलमंडी, औरंगपुरा, निराला बाजार ते कर्णपुरा एवढ्या पट्ट्यात नवरात्रात काय चालू असतं ते सांगा.

एन७_सिडको
वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. तेवढं बघून ठरवा. आम्ही मागच्या वर्षी पाहुण्यांना सात सीटर करून दिली, सकाळी निघून वेरूळ, भद्रा मारुती करून संध्याकाळी घरी. साडेपाच हजार गेले पण माणसं अजून नाव काढतात.

बजाजनगरचा_बंटी
दादा, वेरूळ झालंय. आणि साडेपाच हजारांत माझा किराणा येतो.

गुलमंडीचं_पोरगं
कर्णपुऱ्याची देवीची यात्रा. विषय संपला.

उस्मानपुऱ्याची_ताई
विषय संपला कसा, नीट सांगा की त्यांना. बंटी, वाळूजकडून येणारी बस नगर नाक्यावरून बाबा पेट्रोल पंपावर येते. तिथंच उतरा, कर्णपुरा पायी आहे. यात्रेच्या दिवसांत पंचवटी चौकाकडचे रस्ते वळवतात, रिक्षावाला दारापर्यंत सोडतो म्हणाला तरी सोडत नाही, आधीच कुठंतरी उतरवतो आणि पैसे पूर्ण घेतो. दर्शन करायचं तर पहाटे जा आणि तेही मधल्या वारी. रविवारी संध्याकाळी चुकूनही नाही. मी एकदा रविवारी गेले, रांगेत दोन तास, बाहेर आले तर एक चप्पल माझी आणि एक कुणाची तरी. रंग सारखा होता म्हणून घरी येईपर्यंत कळलं नाही. अजून ठेवलीय, कुणाची असेल तर सांगा.

जुनं_खडकी
माहितीसाठी: कर्णपुरा हे नाव बिकानेरचे राजा कर्णसिंह यांच्यावरून पडलंय. आणि हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं. लोक तुळजाभवानीचं दर्शन घेतात, पाळण्यात बसतात आणि परत येतात, आपण कुठं उभे होतो हे कुणाला माहीत नसतं.

गुलमंडीचं_पोरगं
काका, आत्याचा गुडघा दुखतोय. कर्णसिंह नंतर सांगा.

तिसरी_घंटा
नाटक दाखवा! तापडिया नाट्यमंदिर निराला बाजारातच आहे, संत एकनाथ रंगमंदिर उस्मानपुऱ्यात. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर येतात, शनिवार-रविवार बघायचे. तापडियाच्या बाहेरच बोर्ड लागलेला असतो, तो वाचून या, अॅपवर कधी कधी उशिरा दिसतं. मी मागच्या वेळी ३०० चं तिकीट काढलं होतं. गुडघा असेल तर बाल्कनी घेऊ नका, स्वस्त असली तरी.

बजाजनगरचा_बंटी
३०० गुणिले पाच म्हणजे १५००. मग नाट्यगृहापर्यंत चालत यावं लागेल, वाळूजहून.

तिसरी_घंटा
मग राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत थांबा. प्राथमिक फेरीचं आपल्या शहरात केंद्र असतं, तिकीट अगदी नावाला, आणि रोज एक नवं नाटक. नवरात्रात नाही, सहसा दिवाळीच्या मागेपुढे असते.

रिकामी_खुर्ची
नाटकाला नेताना विचार करा. मी एका नाट्यगृहात (नाव घेत नाही) सासऱ्यांना घेऊन गेलो, मे महिना, एसी बंद. दुसऱ्या अंकात सासरे पुठ्ठ्याने वारा घेत होते आणि पुढच्या बाईंनी वळून सांगितलं, आवाज येतोय. तेव्हापासून ते माझ्याबरोबर कुठेच येत नाहीत. एका अर्थी बरं झालं.

एन७_सिडको
वेरूळ-अजिंठा महोत्सव बघितला का कुणी सोनेरी महालात? आम्ही २०२३ ला पुढच्या रांगेत होतो. मधे २०१६ नंतर किती वर्षं झालाच नव्हता.

गुलमंडीचं_पोरगं
तो थंडीत असतो दादा. इथं घटस्थापना चालू आहे. आणि तुम्ही सिडकोवाले शहरात येताच कधी?

एन७_सिडको
म्हणजे सिडको शहरात नाही का?

गुलमंडीचं_पोरगं
तुम्हीच घरातून निघताना म्हणता ना, "जरा शहरात जाऊन येतो." मग आत्ता कुठं होता?

जुनं_खडकी
हे बरोबर आहे. आमच्या लहानपणी क्रांती चौकापलीकडं सुद्धा कुणी शहर म्हणत नव्हतं.

एन७_सिडको
पार्किंग मिळू द्या मग येतो शहरात. मागं औरंगपुऱ्यात दहा मिनिटं गाडी लावली, पुस्तक घेऊन आलो तर गाडी टोइंगवर. पुस्तक १८० चं पडलं असतं, ते मला हजाराच्या वर पडलं.

माय_किचन_जालना
आत्यांना उपवास आहे म्हणून लिहिते. यात्रेतली भगर खाऊ घालू नका. आणि भगरीचं पीठ सुटं तर अजिबात घेऊ नका, दरवर्षी नवरात्रात मराठवाड्यात विषबाधेच्या बातम्या येतात. पाकीटबंद भगर आणायची, निवडून, धुऊन, घरी दळायची. आमच्याकडे एका दुकानातून सुटं पीठ आणलं होतं, रात्री अकराला चौघांना उलट्या. अष्टमीची रात्र दवाखान्यात काढली.

उस्मानपुऱ्याची_ताई
अगदी. भगर घरून डब्यात न्या. सोबत शेंगदाण्याची आमटी नको, सांडते. दही न्या.

परभणीकर_पुण्यात
आमटीशिवाय भगर? जगात जर्मनी, भारतात परभणी. आम्ही आमटी थर्मासमध्ये नेतो.

माय_किचन_जालना
थर्मासला वास राहतो हो महिनाभर. नंतर चहा भरला की कळतं.

परभणीकर_पुण्यात
आमच्याकडं चहाचा वेगळा आहे.

मिल_कॉर्नर
आमटी बाजूला ठेवा. बंटी, पोराला पाणचक्की दाखवा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, १७४४ ची. हर्सूलकडून जमिनीखालच्या नळीतून पाणी यायचं आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं, फकिरांसाठी धान्य दळायला. नऊ वर्षांच्या पोराला हे मोबाईलपेक्षा आवडतं, माझ्या भाच्याला आवडलं. हौदात मासे आहेत, वडाचं मोठं झाड आहे, आत्यांना बसायला सावली, पायऱ्यांचं झंझट नाही. दुपारी तिथं, ऊन उतरलं की रिक्षाने कर्णपुऱ्याकडं. दर्शन आधीच एका सकाळी उरकलेलं असेल तर संध्याकाळी नुसती यात्रा बघा. यात्रेला तिकीट नाही, खर्च पाळण्याचा आणि तुमच्या बायकोच्या बांगड्यांचा.

तिसरी_घंटा
मसापच्या (मराठवाडा साहित्य परिषद) नांदापूरकर सभागृहात व्याख्यानं असतात, फुकट. पत्रिका बघत जा.

गुलमंडीचं_पोरगं
नऊ वर्षांच्या पोराला व्याख्यान? ते पोरगं परत संभाजीनगरला येणार नाही.

उस्मानपुऱ्याची_ताई
मिल कॉर्नर यांनी चांगलं सांगितलंय. फक्त रविवारी संध्याकाळी नको. हे मी वर लिहिलंय.

चकली_भाजणी
कर्णपुरा छान आहे, पण रविवारी संध्याकाळी जाऊ नका.

एन७_सिडको
रविवारी संध्याकाळी तर मुळीच नाही. गाडी असेल तर वेरूळ.

जुनं_खडकी
दसऱ्याला कर्णपुऱ्यातून बालाजीचा रथ निघतो, ते कुणी सांगितलंच नाही. रविवार सोडा आणि तो बघा.

बजाजनगरचा_बंटी
मंडळी, सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो.
रविवारी संध्याकाळी गेलो.
सगळा धागा आत्याला वाचून दाखवला होता. पाणचक्की, पहाटेचं दर्शन, मधला वार, सगळं. ती म्हणाली, "गर्दी नसली तर जत्रा कशाची रे? मोकळं देऊळ बघायला मी परभणीहून आले का?" मामा काही बोलले नाहीत, त्यांनी चप्पल बदलून जुनी घातली.
बाबा पंपापासून आत्या गुडघा विसरून पुढं, आम्ही मागं. रांग दीड तास. रांगेत तिला मानवतची एक बाई भेटली, देऊळ येईपर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुना संपवल्या. पोरगं आणि मी पाळण्यात बसलो, बायको खाली उभी राहून व्हिडिओ काढत होती, त्यात फक्त माझे मिटलेले डोळे आलेत. मौत का कुआमध्ये चौघं गेलो. गाडी वर आली की लाकडाच्या फळ्या आपल्या पायाखाली थरथरतात, पोराने माझा शर्ट इतका ओढला की वरचं बटण गेलं. आत्या बाहेर थांबून डब्यातली भगर खात होती, दह्याबरोबर. परभणीकर, तिलाही आमटी पाहिजे होती.
परतीची बस काही मिळाली नाही, रिक्षाने ४०० घेतले. एकूण १५६५ झाले. वरचे ६५ मामांनी दिले आणि रिक्षात बसल्यावर बायकोला सांगितलं की आजचा खर्च आमच्याकडून.
यात आत्याची बरणी धरलेली नाही, ती तिच्या पैशाची. चिनी मातीची, पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, लिंबाच्या लोणच्यासाठी. यात्रेत ५०० सांगितली, भाव तोडून ३५० ला घेतली. घरापर्यंत मांडीवर धरून आणली. नगर नाक्याच्या पुढं एका गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि झाकणाचा बोंडा तुटला. बरणीला काही झालं नाही.
त्या मापाचं नुसतं झाकण शहरात कुठं मिळेल का? वीतभर उंच बरणी आहे, तोंड साधारण चार बोटं.

गुलमंडीचं_पोरगं
शहागंजला विचारा. पण झाकण सुटं देत नाहीत, बरणीसकटच घ्यावं लागतं.

उस्मानपुऱ्याची_ताई
पांढरं फडकं बांधा, वर दोरा. माझ्या सासूबाईंच्या बरणीला चौदा वर्षं फडकंच आहे. चप्पल नीट आल्या ना सगळ्यांच्या?

बजाजनगरचा_बंटी
हो ताई. मामांनी जुनी घातली होती, ती तर कुणी नेलीच नाही.