लेप्टो बरा झाल्यावर काही महिन्यांनी डोळ्याला सूज : दोहोंचा संबंध असू शकतो का?

चिखलीचा रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर आहे. गेल्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ नदीने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा माझे धाकटे बंधू गोठ्यातील म्हशी उंचावर हलवण्यासाठी बराच वेळ कमरेएवढ्या पाण्यात होते. पूर ओसरल्यावर त्यांना थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की चालवेना, डोळे लालभडक झाले आणि पुढे कावीळही दिसू लागली. कोल्हापुरातील एका रुग्णालयात लेप्टोस्पायरोसिसचे (लेप्टोचे) निदान झाले. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढले होते, प्लेटलेट्स उतरल्या होत्या; परंतु इंजेक्शनांना चांगला प्रतिसाद मिळून ते पूर्ण बरे झाले आणि ऊसतोडीच्या हंगामात शेतावर जाऊही लागले.

आता दिवाळी उलटून गेल्यावर त्यांचा उजवा डोळा लाल झाला आहे. चिपडे येत नाहीत, मात्र उजेड सहन होत नाही, डोळा आतून ठणकतो आणि नजरेसमोर जाळे तरंगल्यासारखे वाटते. गावातील मेडिकलमधून डोळे आल्यावर देतात ते थेंब आणून घातले, त्यांचा उपयोग झाला नाही. ताप मुळीच नाही. पुरानंतरच्या त्या आजाराचा याच्याशी संबंध असू शकतो का, की हा निव्वळ योगायोग आहे? घरात लहान मुले आहेत, त्यांना हे लागेल का, हीही आईला काळजी आहे.

औषधवैद्यक, कोल्हापूर

संबंध असू शकतो, आणि तो डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवा. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो, त्यांच्या लघवीतून पुराच्या पाण्यात आणि चिखलात उतरतो व माणसाच्या त्वचेवरील ओरखड्यांतून किंवा डोळे-नाक-तोंडाच्या नाजूक अस्तरातून शरीरात शिरतो. पहिल्या आठवड्यात तो रक्तात असतो. तापातल्या त्या काळात डोळे लाल होतात, पण त्यांत पू नसतो, ही या रोगाची ओळखीची खूण आहे आणि आपल्या बंधूंना तेव्हा झाले ते हेच होते. आता जे होत आहे ते त्याहून वेगळे आहे. रक्तातून जंतू नाहीसे झाल्यानंतर आठवडे, महिने, क्वचित वर्षे उलटल्यावर डोळ्याच्या मधल्या थराला दाह होऊ शकतो. त्याला युव्हायटिस म्हणतात. जंतूचे अवशेष डोळ्याच्या आतल्या द्रवात टिकून राहिल्याचे आणि त्यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती खवळल्याचे पुरावे आहेत.

ही गोष्ट नवी नाही. जर्मनीतील अॅडॉल्फ वाइल यांनी 1886 साली कावीळ आणि मूत्रपिंडविकारासह येणाऱ्या या तापाचे वर्णन केले, आणि डोळ्याच्या या उपद्रवाकडेही तेव्हापासूनच वैद्यांचे लक्ष आहे. आपल्या देशात मात्र ती ठळकपणे पुढे आली ती तमिळनाडूत. 1993 च्या अखेरीस मदुराई भागात मोठे पूर आले, आणि त्यानंतरच्या काळात तेथील अरविंद नेत्र रुग्णालयात युव्हायटिसच्या रुग्णांची एकाएकी रीघ लागली. तपासाअंती मूळ लेप्टोत सापडले. आपल्याकडे पुराशी झुंजणाऱ्या गावांनी ते उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पावसाळ्यातील आजाराचा हिवाळ्यातील डोळ्याशी मेळ घालणे रुग्णाला सुचत नाही आणि घाईच्या तपासणीत डॉक्टरांकडूनही राहून जाते.

मुलांना हा डोळा लागत नाही. साथीच्या डोळे येण्याशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे आईंना निश्चिंत करावे.

ऊसकरी, शिरोळ

आमच्याकडे असा डोळा झाला की शुद्ध मध घालतात किंवा गुलाबपाण्याने धुतात. माझ्या चुलत्यांना त्याने दोन दिवसांत आराम पडला होता. त्यातूनही नाही भागले तर मेडिकलमध्ये एक लाल टोपणाची बाटली मिळते, ती घातली की लाली उतरतेच.

नेत्रतज्ज्ञ, मिरज

वरील सल्ला कृपया कोणीही पाळू नये, आणि हे मी कठोरपणे लिहीत आहे याचे कारण आपल्या भागातच आहे. ऊस कापताना पाल्याची धारदार कड डोळ्याला लागणे ही येथील नित्याची घटना आहे. अशा ओरखड्यातून कॉर्नियात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) बुरशी शिरते आणि जखम चिघळते. लालीवर चटकन उतार पाडणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड, म्हणजे दाह आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, असते. बुरशीच्या जखमेवर ते पडले की दोन दिवस लाली उतरून डोळा पांढरा दिसतो आणि मग बुरशी मोकाट पसरते. डोळ्यात कायमचे फूल पडते, कधी डोळाच गमवावा लागतो. गंमत अशी की युव्हायटिसवर मुख्य औषध स्टेरॉइडच आहे. एकाला जे तारते तेच दुसऱ्याला बुडवते, म्हणून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणी-यंत्राखाली) डोळा पाहिल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नयेत. आपल्या बंधूंना उसाचा पाला, कुसळ किंवा कचरा लागल्याचे आठवते का, हेही विचारून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. दुखणे, उजेड सहन न होणे, चिपडांशिवाय लाली आणि नजरेसमोर जाळे, या चौघांची सांगड आतल्या दाहाकडे बोट दाखवते. लेप्टोमुळे होणाऱ्या युव्हायटिसचा एक तोंडवळा असतो. दाह पुढच्या भागापुरता न थांबता मागे काचाभ द्रवात (डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारख्या द्रवात) आणि दृष्टिपटलापर्यंत (मागच्या पडद्यापर्यंत) पोचतो. द्रवात पडद्यासारखी गढूळ जाळी दिसते, रक्तवाहिन्यांभोवती आणि दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) तोंडाशी सूज असते, काहींच्या बुबुळापुढे तळाशी पांढरा पू साचलेला दिसतो, तर काहींत मोतीबिंदू फार झपाट्याने वाढतो. याउलट दृष्टिपटलाखालच्या थरात ठिकठिकाणी चट्टे असतील तर मी लेप्टोचा विचार मागे टाकून क्षयरोग किंवा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी यांच्या मागे लागतो. एच. एल. ए. बी-२७ या आनुवंशिक घटकाशी निगडित युव्हायटिसही तरुण पुरुषांत असाच अचानक येतो, पण तो सहसा डोळ्याच्या पुढच्याच भागात राहतो आणि त्यासोबत सकाळी कंबर आखडण्याची तक्रार असते.

एक इशारा देऊन ठेवतो. पूर आला, लेप्टो झाला, म्हणजे डोळाही लेप्टोचाच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. आपल्या देशात क्षयरोग इतका आहे की तोंडावाटे स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू चाचणी (क्षयासाठीची त्वचेवरची चाचणी) करून घेणे शहाणपणाचे. सिफिलिसची रक्तचाचणीही सोबत करून घ्यावी. बंधूंना बाहुली मोठी करून मागचा पडदा दाखवणे आवश्यक आहे. तपासणीनंतर काही तास नजर धूसर राहते, तेव्हा त्यांनी दुचाकी चालवत येऊ नये.

औषधवैद्यक, कोल्हापूर

मिरजेच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत आहे. रक्ततपासणीविषयी थोडी भर घालतो, कारण येथे गोंधळ होतो. जंतूचा अंश शोधणारी पी. सी. आर. चाचणी रक्तावर करायची तर ती तापाच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. आता रक्तात काही सापडणार नाही, आणि ती नकारात्मक आली म्हणून लेप्टो नव्हता असे ठरत नाही. संसर्गानंतर शरीर तयार करते ती आय. जी. एम. प्रतिद्रव्ये महिनोन्महिने टिकू शकतात, म्हणून आज ती सकारात्मक आली तरी जुना संसर्ग कळतो, डोळ्याचे कारण सिद्ध होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत जंतूंचे गुठळीकरण पाहणारी चाचणी अधिक विश्वासार्ह मानली जाते, पण ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. या सर्वांपेक्षा पावसाळ्यातील डिस्चार्ज कार्ड आणि त्या वेळचे अहवाल जास्त उपयोगी पडतील. ते जपून ठेवले असतील तर सोबत न्यावेत.

पशुवैद्य, कागल

विषय माणसांचा असला तरी दोन ओळी लिहितो. घोड्यांमध्ये वारंवार उलटणारा युव्हायटिस हा फार जुना आजार आहे आणि त्याच्या कारणांत लेप्टोस्पायराचे स्थान वरचे आहे, त्यामुळे वरील माहितीचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. या जंतूने गाई-म्हशींत डोळ्यापेक्षा गाभडणे आणि दूध एकदम घटणे हे प्रकार होतात. पुरात भिजलेल्या आपल्या म्हशींपैकी एखादी नंतर गाभडली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, आणि गोठ्यातील मुताचा चिखल अनवाणी पायांनी उपसू नये.

चिखलीचा रहिवासी

सर्वांचा आभारी आहे. बंधूंना नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन आणले. पाला लागल्याची खूण नाही. दाह डोळ्याच्या मागच्या भागातही आहे आणि दृष्टिचेतेच्या तोंडाशी थोडी सूज आहे, असे त्यांनी सांगितले. जुने अहवाल पाहून त्यांनीही लेप्टोचीच शंका व्यक्त केली. एक्स-रे व मॅन्टू ठीक आल्यावर स्टेरॉइडचे थेंब, बाहुली मोठी ठेवणारे थेंब आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या दिल्या. ठणका बराच कमी झाला आहे. दोन शंका राहिल्या : डॉक्सिसायक्लिन हे लेप्टोवरचे प्रतिजैविक आता घ्यावे का, आणि डोळा पांढरा झाल्यावर थेंब थांबवता येतील का?

नेत्रतज्ज्ञ, मिरज

डॉक्सिसायक्लिनचा उपयोग तापातील सौम्य आजारावर आणि पुराच्या पाण्यात वावरावे लागणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देण्यासाठी होतो. उशिरा आलेल्या डोळ्याच्या दाहात प्रतिजैविकाने कितपत फरक पडतो याविषयी एकमत नाही. तो निर्णय आपल्या डॉक्टरांनी घ्यावा.

थेंब मात्र आपल्या मनाने थांबवू नयेत. बाहेरून डोळा पांढरा झाला तरी आत पेशी तरंगत असतात, आणि स्टेरॉइड एकाएकी सोडले की दाह दुप्पट जोराने उसळतो. ते पायरीपायरीने उतरवावे लागते. बाहुली मोठी ठेवणाऱ्या थेंबांमुळे बुबुळ मागील भिंगाला चिकटत नाही, म्हणून वाचताना धूसर दिसते ही तक्रार काही दिवस सोसावी. स्टेरॉइडने काही रुग्णांत डोळ्यातील दाब वाढतो आणि त्याची जाणीव रुग्णाला अजिबात होत नाही, तेव्हा प्रत्येक भेटीत दाब मोजला जात आहे ना हे पाहावे. वेळेवर उपचार झालेल्या बहुतेक रुग्णांची नजर चांगली राहते. आजार पुन्हा उलटू शकतो, आणि दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकतो. तसे झाल्यास उरलेली जुनी बाटली घालण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.