६१ व्या वर्षी पळायला सुरुवात: यवतेश्वरचा घाट झेपेल का?

कऱ्हाडकर

नमस्कार मंडळी. गेल्या मार्चअखेरीचे हिशेब जुळवून बँकेतून निवृत्त झालो. सदतीस वर्षं खुर्चीत गेली. वजन ७८, उंची साडेपाच फूट, बीपीची गोळी सात वर्षांपासून, साखर काठावर. रोज सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो, कठड्यावर बसून राजकारण बोलतो आणि परत येतो. याला आमच्या ग्रुपमध्ये व्यायाम म्हणतात.

परवाच्या पावसाळ्यात भाचीला सोडायला साताऱ्याला गेलो, तर नेमका यवतेश्वरचा घाट चढून उतरायच्या २१ किलोमीटरच्या हिल मॅरेथॉनचा रविवार. रस्ते बंद. मग समर्थ मंदिराजवळ छत्री धरून बघत उभा राहिलो. तरणी पोरं गेली, त्यांचं काही वाटलं नाही. पण घाट उतरून परत येणाऱ्यांत एक गृहस्थ दिसले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठेच असतील. चिंब भिजलेले, चष्म्याच्या काचांवर पाणी ओघळतंय आणि ते पुसायलाही थांबत नाहीत. मी भाचीला सोडलं, मिसळ खाल्ली, घरी आलो. तो चष्मा काही डोक्यातून जात नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून पळून बघितलं. पोटात चकल्या होत्या हे कबूल करतो. पेट्रोल पंपापर्यंत, म्हणजे दोनशे मीटरसुद्धा नसतील, तेवढ्यात जीभ बाहेर. गंमत अशी की पोरानं पुण्याहून पाठवलेलं घड्याळ ठोके १०८ दाखवत होतं आणि वर हिरव्या अक्षरांत 'हलका व्यायाम'. इकडे माझा जीव चाललाय!

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, या वयात चालणं पुरे. बायको म्हणते, पेन्शन सुरू झालीय, ती घ्यायला तरी राहा. तर प्रश्न असा: पुढच्या वर्षी ते २१ किलोमीटर मला जमतील का, की हे म्हातारचळ आहे? आणि घड्याळ खरं की मी?

पम्या

काका, गुडघे जातील. आमच्या सोसायटीतले एक आजोबा पळायला लागले आणि दोन महिन्यांत ऑपरेशन. चालणं बेस्ट.

जिद्दी_मावळा

वय हा फक्त आकडा आहे! फौजा सिंग बघा. बिनधास्त पळा काका!! 💪

सातारची_बाई

मावळ्या, आधी तुझं बघते. फौजा सिंग २००० साली लंडनला पहिली पूर्ण मॅरेथॉन पळाले तेव्हा ८९ वर्षांचे होते, हे खरं. २०११ साली शंभरीत टोरांटोला पळाले, हेही खरं. पण त्या माणसानं जालंधरकडच्या गावात आयुष्यभर शेती केली होती. सदतीस वर्षं व्हाउचरवर सह्या नव्हत्या केल्या. आणि टोरांटोला त्यांना आठ तासांहून जास्त वेळ लागला, ते कुणी सांगत नाही. मला तर तेच जास्त आवडतं. गिनीजनं तो विक्रम धरला नाही, कारण जन्मदाखला नव्हता.

पम्या, ऑपरेशन झालेल्या आजोबांचा गुडघा पळायच्या आधीच गेलेला असणार. हौसेनं बेतानं पळणाऱ्यांचे गुडघे नुसतं बसून राहणाऱ्यांपेक्षा लवकर झिजतात असं दिसलेलं नाही. आधीच दुखणारा, सुजणारा गुडघा असेल तर गोष्ट वेगळी. तो आधी दाखवून घ्यावा.

आता कऱ्हाडकर, तुमच्याकडे वळते. मी ६७ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यानंतर सुरुवात केली. समर्थ मंदिराच्या खालच्या अंगाला राहते, घाट म्हणजे आमचं परसच. स्पर्धा २०१२ पासून होतेय. सुरुवातीची वर्षं मीही तुमच्यासारखीच छत्री घेऊन उभी असायचे.

माझी पद्धत खांबांची. विजेचे दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. पळणं म्हणजे काय, म्हैस गोठ्याकडे परतताना जरा घाईत असते ना, तेवढंच. ओढणीची गाठ कमरेला. वरच्या गावातून दुधाचे कॅन घेऊन येणारे विचारायचे, "बाई, कोण मागं लागलंय?" पहिले चार महिने मी घाटातल्या पहिल्या वळणाच्या पुढे गेले नाही. खांबांचं गणित तेवढं उलटत गेलं: एक चाल, दोन पळ, मग तीन.

दुसऱ्या वर्षी फसले, ते सांगते, कारण तुम्हीही तिथंच फसणार आहात. दम सहा आठवड्यांत वाढतो. आपल्याला वाटतं, झालं, आलं अंग. पण टाचेमागची शीर, नडगी, तळव्याखालचा पट्टा यांना त्याची खबरच नसते. त्यांना महिनोन्‌महिने लागतात, आपल्या वयात तर फारच. मी एकदम वर दहा किलोमीटर गेले, वाटेत भजीसुद्धा खाल्ली, आणि उतारावर वारं प्याल्यासारखी सुटले. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी जरा जड. तिसऱ्या दिवशी घराचा जिना मी गजाला धरून पाठमोरी उतरले. नातू खाली उभा राहून हसत होता.

ते आठवड्यात गेलं. टाच मात्र धरली ती धरलीच. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की तळव्यात खिळा. चार पावलं चाललं की कमी व्हायचं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. जन्मभर चपट्या चपला आणि अचानक वाढवलेलं अंतर, दुसरं काही कारण नव्हतं. तीन महिने पळणं बंद. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची, आणि पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या. दिवसातून दोनदा, कंटाळा येईपर्यंत.

स्पर्धेत साधारण अर्धं अंतर चढ आणि तोच रस्ता परत उतार. सगळे चढाची भीती घालतात. चढ चालून जाता येतो, मी आजही अर्धा चालते, कुणी दंड लावत नाही. उतारावर मात्र दर पावलाला मांडी ब्रेक मारत असते. म्हणून आठवड्यातून एकदा उतरायची सवय करा. तुमच्याकडे सदाशिवगड आहे की. पायऱ्या आहेत, सकाळी सोबतही असते. चढून जा आणि मोजून, सावकाश उतरून या. पहिले दोन महिने पळणं नाही, हेच.

पुढच्या वर्षीचं म्हणाल तर घाई करू नका. त्या वेळी छत्री धरून परत उभे राहा आणि त्याच्या पुढच्या वर्षी या. घड्याळाचं मला कळत नाही, मी कधी बांधलं नाही. पळताना मोठ्यानं पाढे म्हणते. दम तुटला की चालायचं.

फिजिओ_ठाणे

बाईंची सगळी पोस्ट माझ्या पेशंटना छापून द्यावी अशी आहे. घड्याळाचं मी सांगते.

काका, तुमची बीपीची गोळी कुठली? नावाच्या शेवटी 'लोल' असेल, मेटोप्रोलोल, अटेनोलोल वगैरे, तर कोडं सुटलं. ही गोळी हृदयाचे ठोके वाढू देत नाही, तिचं कामच ते. घड्याळ हिशेब करतं २२० वजा वय, म्हणजे तुमचे १५९ ठोके कमाल धरतं आणि १०८ ला 'हलका' म्हणतं. गोळीमुळे तुमची कमाल तिथवर जातच नाही, त्यामुळे तुमचे १०८ बरेच जड असू शकतात. एरवीही ते २२० चं गणित ढोबळच आहे. तुमच्या बाबतीत धाप खरी, घड्याळ खोटं. बाईंचे पाढे म्हणजे आमच्या पुस्तकातलीच परीक्षा: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आणि हात जोडून सांगते, ठोके वाढावेत म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, ते फार महागात पडतं.

'चालणं पुरे' म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका, पण त्यांना असं विचारा: 'मला हळूहळू पळायचंय, त्याआधी कोणत्या तपासण्या करू?' प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. बीपी, काठावरची साखर आणि इतकी वर्षं बैठं काम म्हटल्यावर ईसीजी, आणि त्यांनी सांगितलं तर पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट, हे आधी. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही आलं तर खांब मोजत बसायचं नाही, थांबायचं आणि तडक दवाखाना.

आत्ताच्या आत्ता एक करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाचे चौदापेक्षा कमी भरले तर पायांत ताकद कमी आहे. पळायच्या आधी ती भरून काढायची. व्यायामही तोच, खुर्चीतून उठणं-बसणं. बसताना धपकन नाही, सावकाश. आणि जेवणात डाळ वाटीभर वाढवा, उसळ, अंडं, ताक, जे चालत असेल ते. आपल्याकडे साठीनंतर लोक रात्री दूध-भात खाऊन झोपतात आणि मग मांड्या कुठे गेल्या म्हणून विचारतात.

दोन_चाकं_नाशिक

पळणं नाहीच जमलं तर आमच्यात या. मी ६४. सायकलवर गुडघ्याला आदळआपट नाही. दोन वर्षांपूर्वी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मला तेरा तास दहा मिनिटं लागली. चांदवडच्या पुढे राहुड घाटात समोरचा वारा असा होता की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. ती शर्यत नसतेच, पहिला-दुसरा नंबर नाही, कार्डावर शिक्के घेत वेळेत पोचायचं. म्हणून आमच्या वयाला सोयीची. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एका हंगामात केल्या की सुपर रँडोनर म्हणतात. मी ३०० वर अडकलोय, रात्री झोप आवरत नाही.

फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलफेरी म्हणजे आमचं पंढरपूर. १८९१ पासूनचं, १२०० किलोमीटर, ९० तास, दर चार वर्षांनी. पुढची वारी २०२७ ला. मी जाणार नाहीये, पण बोलायला काय जातंय?

तोटाही सांगतो. सायकलनं हाडं मजबूत होत नाहीत, त्याला वजन पेलून चालणं-चढणंच लागतं. तेव्हा बाईंचा सदाशिवगड सोडू नका.

कऱ्हाडकर

तीन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. आधी कामं केली.

गोळी 'लोल'चीच निघाली. स्ट्रेस टेस्ट झाली, छातीला वायरी चिकटवून पट्ट्यावर चालवलं, ठीक आहे म्हणाले. डॉक्टरांना फिजिओताईंचा प्रश्न शब्दशः विचारला. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "असं आधी का नाही बोललात?" घड्याळ आता आमच्या हिच्या मनगटावर आहे. रात्री दहा हजार पावलं भरली नाहीत की ती हॉलमध्ये फेऱ्या घालते आणि मला मालिका दिसत नाही.

खुर्चीचे पहिल्यांदा ११ आले. लाज वाटली, बँकेत खुर्चीशिवाय काही केलं नाही आणि तीच नीट येत नाही. आता १६ आहेत.

सदाशिवगड दर रविवारी. पहिल्या खेपेला उतरताना मांड्या लटलट कापत होत्या, आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक आजी "सरका जरा" म्हणून पुढे निघून गेल्या. पायात साधी चप्पल. त्या दिवसापासून माझ्या सात हजारांच्या बुटांबद्दल मी ग्रुपमध्ये बोलत नाही.

फौजा सिंगांचं वाचून मात्र हसू आलं. शंभर वर्षांचा माणूस आणि केवायसी अपूर्ण! आमच्याही काउंटरवर असे आजोबा यायचे, 'मोठ्या दुष्काळाच्या साली जन्म' म्हणून सांगणारे.

पाढ्यांसाठी मी एकोणतीसचा घेतला, शाळेत कच्चा होता. पहिल्यांदा पंपापर्यंत 'एकोणतीस त्रिक सत्याऐंशी'ला दम तुटला. काल पंप ओलांडून पुढच्या रसवंतीपर्यंत दोनदा म्हणून झाला. रसवंतीवाला म्हणतो, साहेब, काही पाठ करताय काय?

बाई, तुमचं ऐकतो. यंदा छत्रीच. एक विचारायचं राहिलं, पावसात चष्म्याचं काय करता?

सातारची_बाई

पुढे छज्जा असलेली टोपी घालायची. आणि घरून निघताना काचांना आतून किंचित साबण बोटानं फिरवून कोरड्या फडक्यानं पुसायचा, वाफ धरत नाही. बाहेरच्या पाण्याला इलाज नाही, ते ओघळू द्यायचं.

यंदा याल तेव्हा समर्थ मंदिराच्या डाव्या हाताला उभे राहा. उजवीकडे पागोळ्या गळतात.