पशुखाद्यातला हाडांचा चुरा
दादा, गोणीतल्या पशुखाद्यात हाडा-मांसाचा चुरा मिसळलाय का, हे डीएनए तपासणीत कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा कण दिसतो, पण तो गाईचा की म्हशीचा हे सांगता येत नाही. पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा प्रयोगशाळेत वाढवून ओळखणारी तपासणी, ते सांगते. १३३ अंशांवर शिजवलेल्या चुऱ्यातही मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) डीएनएचे बारीक तुकडे उरतात, कारण पेशीत त्याच्या प्रतीच भरपूर असतात. मात्र खाद्यात दूधभुकटी असेल तरी गाईचा डीएनए सापडतो! म्हणून दोन्ही तपासण्या हव्यातच. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेलेला बीएसई, म्हणजे गाईंच्या मेंदूचा जीवघेणा 'मॅड काऊ' रोग, अशाच चुऱ्यातून पसरला होता. दुष्काळात आपल्याकडे मिळेल ते खाद्य देवणी-लाल कंधारी गाईंपुढे टाकावं लागतं, त्याचीच मला काळजी वाटते. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नमुन्याबद्दल विचारा, गोणीवरचं लेबल जपून ठेवा.