चौथीच्या मुलांना परिसंस्था शिकवताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, भंडारा जिल्हा)

मी एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र घेते. परिसर अभ्यासात अन्नसाखळी शिकवून झाल्यावर मुले ‘गवत, हरीण, वाघ’ अशी साखळी तोंडपाठ म्हणतात. परंतु शाळेमागच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात कोण कोणाला खातो, असे विचारले तेव्हा निम्म्या वर्गाने ‘अन्नसाखळी जंगलात असते, तलावात नसते’ असे उत्तर दिले. या उत्तराने मी अस्वस्थ आहे, कारण यांतील बहुतेक मुलांच्या घरी धानाची शेती आहे, काहींचे वडील त्याच तलावात जाळे टाकतात आणि मरळ कोणत्या पाण्यात सापडते हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक चांगले कळते. त्यांच्या या माहितीचा धागा पाठ्यपुस्तकातील धड्याशी कसा जोडावा आणि ‘परिसंस्था’ (एका ठिकाणचे सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर मिळून होणारी व्यवस्था) हा शब्द या वयात द्यावा की नाही, याविषयी अनुभवी शिक्षकांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक, गोंदिया जिल्हा)

मॅडम, आपल्या भागात हा विषय निघाला की मोठ्यांच्याही डोळ्यांपुढे नागझिरा आणि ताडोबाच येतात, तेव्हा मुलांनी जंगलाचे नाव घेतले यात नवल नाही. मी वाघ अगदी शेवटी घेत असे आणि सुरुवात धानाच्या बांधीपासून करीत असे. रोवणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी मुलांना धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसवावे, दोरीने हातभर लांब-रुंद चौकोन आखावा आणि त्यात जे जे दिसेल ते त्यांना त्यांच्या घरच्या बोलीतल्या नावाने लिहू द्यावे. बेडूक, खेकडा, गोगलगाय, चतुर, कोळी, तुडतुडे एवढे तर पहिल्याच दिवशी निघतात. मग प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न लिहावेत: हा काय खातो, आणि याला कोण खातो? उत्तर येत नसेल तिथे जागा रिकामी सोडावी आणि मुलांनी ते घरी आजी-आजोबांना विचारून यावे. माझ्या वर्गातल्या बऱ्याचशा रिकाम्या जागा अशाच भरल्या गेल्या, आणि काही आजोबा तर खात्री करून द्यायला स्वतः शाळेत आले.

तोच चौकोन पोळ्याच्या सुमारास, धान निसवताना आणि कापणीनंतर पुन्हा पाहावा. पाणी आटू लागले की खेकडा बिळात जातो, बेडूक दिसेनासे होतात, बगळे दुसरीकडे वळतात; हे मुलांच्या स्वतःच्या वहीत उतरले म्हणजे पाणी, माती आणि ऊन यांनाही या हिशेबात धरावे लागते, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’ हा शब्द आपल्या लेखातून मांडला, तेव्हा सजीवांना त्यांच्या निर्जीव परिसरापासून तोडून पाहू नये, हाच त्याचा आग्रह होता. म्हणून मी ‘परिसंस्था’ हा शब्द दिवाळीच्या सुटीनंतर सांगत असे, कारण तोवर त्या शब्दात काय काय बसवायचे ते मुलांनी पाहिलेले असे.

उत्तर २ (शेतकरी पालक, यवतमाळ जिल्हा)

गुरुजींची पद्धत पटली. आमच्याकडे धान नाही, कपाशी आहे. माझी मुलगी चौथीत असताना मी तिला पानाखालचा मावा दाखवला, तेव्हा त्याच पानावर फिरणाऱ्या मुंग्यांकडे तिचेच लक्ष गेले. मावा पानातील रस शोषून गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चिकटा खातात आणि ढालकिडा मावा खायला आला की त्याला हुसकावून लावतात. ‘कोण कोणाला खातो’ या प्रश्नाशेजारी ‘कोण कोणाला राखतो’ हा प्रश्नही ठेवावा, असे मला तेव्हापासून वाटते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नका आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावरही बसवू नका. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले आहेत.

उत्तर ३ (शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

वरील दोन्ही उत्तरांत कुजवणाऱ्या जीवांचा उल्लेख राहून गेला आहे आणि माझ्या मते तो गाळला तर धडा अर्धाच राहतो. जूनअखेर शाळा उघडली की आम्ही अंगणात पळसाचे पान, सुती चिंधी, भाकरीचा तुकडा आणि प्लॅस्टिकची पिशवी वेगवेगळ्या खड्ड्यांत पुरतो आणि दसऱ्याच्या आधी उकरून पाहतो. भाकरी सापडत नाही, पान आणि चिंधी विरलेली असते, पिशवी मात्र जशीच्या तशी निघते. हे कुजवण्याचे काम करणाऱ्या उधई (वाळवी) आणि बुरशी यांना मुले तोवर केवळ घरादाराचे नुकसान करणारे म्हणून ओळखत असतात.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मोह घेतो. एकाच झाडाची फुले वटवाघूळ, चितळ, अस्वल आणि माणूस हे सगळे खातात, त्यामुळे सरळ साखळीऐवजी जाळे काढावे लागते. वाघ थोडे आणि चितळे पुष्कळ का, हे सांगण्यासाठी दहा पेले पाणी घ्यावे. प्रत्येक पायरीवर अन्नातील ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा भागच पुढे जातो, म्हणून गवताच्या दहा पेल्यांतून चितळाला एक पेला मिळतो आणि वाघाच्या वाट्याला तळाशी थोडेसे पाणी येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. तलावाच्या एका काठावर बेशरमीची झुडपे माजली आहेत आणि दुसऱ्या काठावर अजून देवधान (रानटी धान) उभे आहे. दोन्ही काठांवर कोणते पक्षी उतरतात, याची नोंद मुलांकडून पंधरा दिवस ठेवून घेण्याचा विचार आहे. मासे दाखवण्यासाठी मुलांना पाण्याजवळ न्यावे का?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक)

पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका. ज्या मुलाचे वडील जाळे टाकतात त्यांनाच सकाळी शाळेत बोलवावे आणि त्यांनी पाणी भरलेल्या घमेल्यात मरळ, झिंगे, शिंपले आणावेत. कोण काय खातो हे त्यांनीच सांगावे आणि त्या दिवशी तुम्ही फळ्यावर लिहून घ्यावे.