टूर द फ्रान्स सायकल शर्यतीसाठी आठ जण कसे निवडतात
भाऊ, टीममधले सगळ्यांत वेगवान आठ जण घेतले की झालं, असं तुम्ही वर लिहिलंय. तसं नसतं. तीन आठवडे चालणाऱ्या टूर द फ्रान्सला 2018पासून प्रत्येक टीमला आठच जागा मिळतात, आधी नऊ होत्या. म्हणून आधी लीडर ठरतो, म्हणजे ज्याला जिंकवायचं तो, मग टप्पे (रोजची वेगवेगळी शर्यत) बघून बाकीचे. सपाटीवर पुढे राहून लीडरसाठी तासन्‌तास वारा अंगावर घेणारे लागतात, घाटात शेवटपर्यंत लीडरला सोबत देणारे लागतात. स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणारा, घेतला की त्याच्यासाठीही माणसं लागतात, आणि तेवढे घाटातले कमी होतात.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना मी हेच सांगतो. मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन, जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून पुन्हा पुढे येणारा गडी निकालात कुठंच दिसत नाही. पण त्याच्याशिवाय लीडर तीन आठवडे टिकत नाही. सेप कस 2023च्या वुएल्टाला, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीला, रोग्लिच आणि विंगेगार्ड या आपल्या टीमच्या लीडरांच्या मदतीला होता, जिंकला तोच!

नशीबही असतंच. 2021मध्ये स्प्रिंटर सॅम बेनेटचा गुडघा दुखावला म्हणून त्याच्याच टीममधल्या स्प्रिंटर कॅव्हेंडिशला ऐनवेळी टूरची जागा मिळाली, आणि पठ्ठ्याने चार टप्पे जिंकले.