मदत हवी आहे: ५५० पीपीआयच्या ओलेडखाली बोटाचा ठसा नीट उमटत नाही

अर्धाव्होल्ट

नमस्कार मंडळी. हातात धरायचं एक छोटं उपकरण बनवतोय. ओळख पटवायला बोट स्क्रीनवरच ठेवायचं, वेगळं बटण नको, अशी अट आहे. स्क्रीनखाली ५०० पीपीआयचा (म्हणजे इंचाला ५०० ठिपके) ऑप्टिकल, म्हणजे उजेडावर चालणारा सेन्सर बसवलाय. कोलिमेटरवाला (सरळ येणारा उजेडच आत सोडणाऱ्या बारीक छिद्रांचा) आहे, भिंगाचा नाही. आधीचं ओलेड पॅनल (स्वतः उजळणाऱ्या पिक्सेलची स्क्रीन) ४०० पीपीआयचं होतं, त्यावर ठसा स्वच्छ यायचा. बारीक मजकूर रेखीव दिसावा म्हणून ५५० पीपीआयचं पॅनल घेतलं आणि सगळंच बिनसलं.

एक तर चित्र काळपट येतंय. त्याहून वाईट म्हणजे ठशावर उभे-आडवे पट्टे दिसतात आणि ते नेमके ठशाच्या रेषांइतक्याच अंतरावर असतात. एक्स्पोजर (उजेड टिपण्याचा वेळ) वाढवलं तर पट्टेही तितकेच ठळक होतात. फिल्टर लावला तर पट्ट्यांबरोबर रेषाही पुसल्या जातात. जुळणीचा प्रोग्राम कधी माझंच बोट नाकारतो, तर कधी दोन वेगळ्या बोटांना भलतेच जास्त गुण देतो.

पॅनल बदलायची इच्छा नाही. सेन्सर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींवर चालणारा) घेतला तर सुटेल का? पॅनल काचेच्या पायाचं आहे, लवचिक नाही.

सूक्ष्मदर्शी

सेन्सर बदलायच्या आधी एक हिशोब करून बघा. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर आल्या की लाटांसारखे पट्टे दिसतात, तोच प्रकार इथे आहे: मोआरे. तुमच्या पॅनलची जाळी इंचाला ५५०, सेन्सरची ५००. फरक ५०. म्हणजे इंचाला ५० पट्टे, दोन पट्ट्यांत साधारण ०.५ मिमी. आणि बोटाच्या रेषांमधलं अंतर? तेही ०.४ ते ०.५ मिमीच्या आसपास! फिल्टरने दोन्ही पुसलं जाणारच, त्याला वेगळं ओळखायचं कशावरून?

जुन्या पॅनलवर फरक १०० होता, म्हणजे पट्टे ०.२५ मिमीवर, रेषांपेक्षा बरेच दाट. ते फिल्टरने सहज निघत होते. तुमचं नशीब चांगलं होतं एवढंच.

उपाय: सेन्सर पॅनलच्या मानाने थोडा तिरका बसवा. १५ अंश फिरवला तर पट्टे साधारण ०.१७ मिमीवर येतील, मग ते काढणं सोपं. ओलेडमध्ये लाल-निळे उपपिक्सेल (पिक्सेलमधले एकेका रंगाचे ठिपके) बऱ्याचदा हिरव्यांपेक्षा कमी असतात, त्यांची जाळी वेगळी पडते. त्यामुळे कोन कागदावर पक्का करू नका, दोन-चार कोन प्रत्यक्ष लावून बघा.

तारजोडणी

अल्ट्रासॉनिकच्या भानगडीत पडू नका. ध्वनिलहरींना वाटेत हवा चालत नाही. काचेच्या ओलेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पोकळी असते, लहर तिथूनच परत फिरते. म्हणून असे सेन्सर लवचिक ओलेडच्या पाठीला चिकटवतात, तेही बुडबुडा न राहू देता. तुमच्या पॅनलवर ते चालणारच नाही.

काळपटपणाचं कारण वेगळं आहे. ठशाचा उजेड पिक्सेलच्या फटींतून खाली येतो. पीपीआय वाढलं की त्याच जागेत तारा आणि ट्रान्झिस्टर जास्त, फटी कमी. ओलेडमधून मुळात काही टक्केच उजेड पार जातो, त्यात वरचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा थर) आपला वाटा खातो. बोटाखालचा गोल तेवढा पूर्ण प्रखरतेने पेटवा, बाकी स्क्रीन आहे तशी राहू द्या. एकट्या एक्स्पोजरवर विसंबलात तर बोट जरा हललं की रेषा फराट्या होतील.

अर्धाव्होल्ट

दोघांचेही आभार. ५५० वजा ५०० हे डोक्यात आलंच नव्हतं! आत्ताच बोटाऐवजी त्वचेच्या रंगाचा गुळगुळीत रबराचा तुकडा दाबून चित्र घेतलं. रबरावर एकही रेषा नाही, पण चित्रात तेच पट्टे, सुमारे अर्ध्या मिमीवर. मग हेच चित्र साठवून दर ठशातून वजा केलं तर? तिरकं बसवायचं म्हणजे सेन्सरची रिबन केबल चौकटीला घासते.

सूक्ष्मदर्शी

वजाबाकी करा, पण निव्वळ तिच्यावर भागणार नाही. बोटाच्या दाबाने पॅनल किंचित वाकतं, खालचं अंतर बदलतं आणि पट्टे सरकतात. साठवलेलं चित्र मग तंतोतंत बसत नाही, उरलेले पट्टे पुन्हा डोकं वर काढतात. आधी तिरका कोन, मग वजाबाकी, मग फिल्टर. चौकटीची खाच मोठी करा, रिबन वाकवण्यापेक्षा ते बरं. आणि पॅनल बदललं की रबराचं चित्र नव्याने घ्यायचं.

कुंपणावरचा

मधेच बोलतो. दोन वेगळ्या बोटांना जास्त गुण मिळतात, ही गोष्ट काळपटपणापेक्षा गंभीर आहे. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर काही सिलिकॉन कव्हर लावली की कुणाच्याही बोटाने फोन उघडायचा. कव्हरवरची नक्षीच सेन्सर ठसा म्हणून ओळखत होता. कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट देऊन ते सुधारलं. सेन्सर अल्ट्रासॉनिक होता, पण दुखणं तुमच्यासारखंच: बोटाबाहेरची ठरावीक नक्षी ठशात शिरली.

तेव्हा नव्या पॅनलवर नोंदवलेले सगळे ठसे पुसून टाका, त्यांत पट्टे मुरलेले असणार. कोन बदलल्यावर नव्याने नोंदवा. आणि नोंदणीच्या वेळी रबराचा तुकडा ठेवून बघा, तो ठसा म्हणून स्वीकारला गेला तर पट्टे अजून शिल्लक आहेत असं समजा.

अर्धाव्होल्ट

पुसले. खाच कापायला घेतोय. १०, १५ आणि २० अंशांची चित्रं इथेच टाकतो.