बाळाच्या नव्या गादीला वास येतोय, काय करू?

रत्नागिरीची_आई: मुलगी ७ महिन्यांची आहे, गेल्या आठवड्यात फोमची गादी आणली, पॅकिंग फोडलं तर नव्या रंगासारखा उग्र वास, त्यात बाहेर धो धो पाऊस म्हणजे खिडकी उघडायची सोय नाही. वर प्लास्टिकचं रबरशीटपण घालतोय. वापरू की परत करू?

मालवणचो_बाबा: वास म्हणजे फोम आणि गोंदातून सुटणारी रसायनं. गादी ओटीवर उभी करून ठेवा, वास पूर्ण जाईस्तोवर बाळाला झोपवू नका, नाहीच गेला तर सरळ परत करा. रबरशीट पीव्हीसीचं असेल तर ते मऊ राहायला त्यात थॅलेट्स नावाची रसायनं घालतात, त्यापेक्षा जाड सुती कापड दुपदरी करून घाला. धुणं वाढतं, इलाज नाही.

सासूबाई_दापोली: नवीन आणताच कशाला? आमच्याकडे जुन्या सुती लुगड्याची गोधडी, शंभरदा धुतलेली. पण ट्रंकेतली काढलीत आणि डांबरगोळ्यांचा वास आला तर तशीच बाळावर घालू नका हो! जी६पीडी (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतःच कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. आमच्या नातवाच्या वेळी डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. आधी धुवायची, उघडीप मिळाली की कडक उन्हात. आणि जाड गोधडीचे थर नकोत, वर्षाखालचं बाळ घट्ट सपाट गादीवरच बरं.

रत्नागिरीची_आई: अय्यो, माझ्या ट्रंकेत डांबरगोळ्याच आहेत! आत्ताच काढते. ऊन कधी पडणार देव जाणे.